जोर नव्हे, वेळ लावा
(जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून भावावर बोलणे झाले, कर्जावर झाले, विजेवर झाले. आम्हाला मंडळींनी सांगितले, तुम्ही जुन्या ट्रॅक्टरवर बोला, आणि त्यातही जाम झालेल्या नट-बोल्टांवर बोला. विषय ऐकून काहीजण हसले. हसायला हरकत नाही. पण मृगाचा पाऊस पडून गेला आहे, रानात वाफसा आला आहे, शेजाऱ्याची तिफण चालू झाली आहे आणि आपला ट्रॅक्टर एका गंजलेल्या बोल्टापायी अंगणात उभा आहे, असे ज्याच्या बाबतीत झाले आहे तो हसणार नाही.

आपली शेती कोरडवाहू. कपाशी आणि ज्वारी. काळ्या रानातला वाफसा काही दिवसांचा पाहुणा. तो गेला की एकतर चिखल, नाहीतर ढेकूळ. बागायतदाराची पेरणी चार दिवस मागे सरकली तर तो पाणी देऊन भरून काढील. आपली सरकली तर ती पुढच्या पावसावर गेली. म्हणून ट्रॅक्टर बंद पडण्याची किंमत आपल्याला इतरांपेक्षा जास्त मोजावी लागते.

आम्ही आज एकच गोष्ट सांगायला उभे आहोत. जाम झालेला भाग जोराने सुटत नाही, वेळेने सुटतो. आणि ही वेळ आपल्या हातात चैत्र-वैशाखात असते, मृगात नसते. बाकी जे काही सांगू ते या एका गोष्टीचाच विस्तार आहे.

जाम होते म्हणजे काय होते?

लोखंड, पाणी आणि हवा यांची गाठ पडली की गंज धरतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. जेवढे लोखंड गंजते, त्याच्या दुपटीहून जास्त जागा त्याचा गंज व्यापतो. नटाच्या आणि बोल्टाच्या आट्यांमध्ये केसाएवढी फट असते. त्या फटीत गंज फुगतो आणि पाचर ठोकल्यासारखा बसतो. म्हणजे आपण नट फिरवतो तेव्हा नटाशी नव्हे, त्या पाचरीशी झुंजत असतो.

आपल्या काळ्या मातीने यात भर घातली आहे. चिखल सुकला तरी आतून ओल धरून ठेवतो. लिंकेच्या पिनेवर, चाकाच्या बोल्टांवर, वखराच्या क्लँपवर चिकटलेला गोळा म्हणजे लोखंडाला बांधलेली ओली पट्टीच. त्यात खताचे दाणे मिसळले की आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

ट्रॅक्टर कोणता, आटे कोणते?

आपल्याकडे आजही तीस-चाळीस वर्षांचे ट्रॅक्टर रानात आहेत. महिंद्राचा बी-२७५, मॅसी फर्ग्युसन १०३५, फोर्ड ३६००, एचएमटी २५११, आयशर, स्वराज ७३५. यांतल्या एचएमटीचे ट्रॅक्टर बनवणे बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ साली घेतला. अशा गाडीचे घर, म्हणजे बिडाचे हाऊसिंग, आपण घण मारून तडकवले तर नवे शोधत फिरावे लागते, नाहीतर भंगारवाल्याच्या ढिगात हात घालावा लागतो. नट चहाच्या किमतीत मिळतो, हाऊसिंग मिळत नाही. काय वाचवायचे आणि काय बळी द्यायचे, हे काम सुरू करण्याआधी ठरवा.

दुसरे, पाना नीट घ्या. फोर्ड आणि मॅसी यांचे मूळ आराखडे परदेशी, इंचाच्या मापातले. एचएमटीचा आराखडा चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरचा, मिलिमीटरच्या मापातला. त्यात इतक्या वर्षांत मिस्त्र्यांनी हाताला येईल तो बोल्ट बसवलेला. ९/१६ इंचाचा माथा १४.२९ मिलिमीटरचा भरतो. त्याला १५ चा पाना लावला की पाना ढिला बसतो आणि माथ्याचे कोपरे घासून जातात. ३/४ इंच आणि १९ मिलिमीटर मात्र जवळजवळ एकच. हा फरक डोळ्याला दिसत नाही, हाताला कळतो. पाना हलत असेल तर जोर लावूच नका. तोंड उघडे असलेला पाना जाम नटासाठी नाहीच. सहा कोनांचा रिंग पाना किंवा गोटी वापरा. कोपरे शाबूत असतील तोवर सगळे उपाय हातात आहेत. कोपरे गेले की निम्मे उपाय संपले.

जोराचा हिशेब

आपण पान्याला पाईप घालतो. त्याचा हिशेब एकदा मांडून पाहू. ८.८ असा शिक्का असलेला १२ मिलिमीटर जाडीचा बोल्ट कसायला साधारण एक फूट लांब पान्याच्या टोकाशी २७ किलोचा जोर पुरतो. त्याच नटाला एक मीटरचा पाईप लावून साठ किलोचा माणूस लटकला तर जोर सातपट होतो. गंजलेला बोल्ट सातपट जोर सोसत नाही. तो तुटतो, आणि तुटतो तो नेमका घराच्या तोंडाशी, पकडायला काही उरत नाही अशा जागी. पाच मिनिटे वाचवायला गेलो आणि लेथवाल्याच्या दारात दोन दिवस बसलो. पाईप लावूच नये असे आमचे म्हणणे नाही. पाईप शेवटी लावावा, पहिल्यांदा नाही.

क्रमाने काम

पहिले काम, साफसफाई. तारेच्या ब्रशने बोल्टाचे बाहेर आलेले आटे घासा. त्या आट्यांवरूनच नटाला बाहेर यायचे आहे. तिथे चिखल आणि रंग असेल तर सुटलेला नटही वाटेत पुन्हा अडकेल.

दुसरे, तेल. जळके काळे ऑईल यासाठी उपयोगाचे नाही. ते घट्ट असते, फटीत शिरत नाही. पातळ तेल लागते. डिझेल चालते, पण त्याला दिवस द्यावे लागतात. दुकानात गंज सोडवायचा फवारा मिळतो, तोही चांगला. जुने मिस्त्री अ‍ॅसिटोन आणि पॉवर स्टिअरिंगचे पातळ तेल निम्मे-निम्मे मिसळतात. हे दोन्ही एकमेकांत नीट मिसळत नाहीत, म्हणून दर वेळी बाटली हलवून मगच थेंब सोडा. अ‍ॅसिटोन पेट्रोलसारखे पेट घेते, त्याच्याजवळ विडीसुद्धा नको. तेल सकाळ-संध्याकाळ सोडा, तीन-चार दिवस सोडा. जमल्यास भाग असा फिरवा की तेल वरून खाली उतरेल.

तिसरे, ठोका. तेल सोडल्यावर बोल्टाच्या माथ्यावर सरळ, हलके, पण खणखणीत ठोके द्या. आट्यांच्या टोकावर थेट हातोडा मारू नका, टोक पसरते. मध्ये पितळेचा तुकडा धरा, किंवा जुना नट टोकापर्यंत चढवून त्यावर मारा. ठोक्याने गंजाच्या पाचरीला तडे जातात आणि तेलाला वाट मिळते. नटाच्या बाजूवर ठोकायचे असेल तर समोरच्या बाजूला दुसरा जड हातोडा टेकवून धरा.

चौथे, आधी थोडे कसा, मग सोडा. ऐकायला उलटे वाटते. पण पाव वळसा कसायच्या दिशेने हलला तरी गंजाची पकड तुटते. मग सोडायच्या दिशेने पाव वळसा. परत मागे, परत पुढे, मध्ये तेल. एकाच दिशेने रेटत नेले की गंजाची पूड आट्यांत साठते आणि नट पुन्हा घट्ट बसतो. आणि दिशा तपासून घ्या. टॉप लिंकला एका टोकाला सरळ आणि दुसऱ्या टोकाला उलटे आटे असतात. उलट्या आट्याला सरळ समजून दोन माणसे लटकली, तर ती लिंक सोडवत नाहीत, कसत असतात.

उष्णतेचे काम

एवढ्याने सुटले नाही तर उष्णता. लोखंड तापले की पसरते, हे बैलगाडीच्या धावेवर आपल्या लोहारांनी पिढ्यान् पिढ्या दाखवले आहे. धाव तापवून चाकावर चढवायची आणि पाणी ओतून आवळायची. इथेही तेच तत्त्व, फक्त उलट्या कामासाठी. २५ मिलिमीटरचे भोक ३०० अंशांनी तापवले तर ते साधारण ०.०९ मिलिमीटरने मोठे होते. म्हणजे वहीच्या कागदाच्या जाडीएवढे. तेवढे पुरते.

पण त्यासाठी बाहेरचा भाग तापला पाहिजे आणि आतला थंड राहिला पाहिजे. नट तापवा, बोल्ट नको. ज्योत बोल्टावर धरली तर बोल्टच फुगेल आणि पकड आणखी आवळेल. भराभर तापवा, म्हणजे उष्णता आत पोचायच्या आधी नट मोकळा होईल. काही वेळा तापवून नुसते गार होऊ दिले तरी पकड तुटते. नट किंचित निवला की आट्यांशी मेणबत्ती टेकवा. मेण वितळून आत ओढले जाते आणि वंगणाचे काम करते. तापवण्याआधी तेल पुसून काढायला विसरू नका.

बिडाच्या घराला एकाच जागी लाल होईपर्यंत तापवू नका आणि तापलेल्या बिडावर पाणी तर मुळीच टाकू नका, ते तडकते.

तरीही सुटेना, तर नटाचा बळी द्या. छिन्नीने नट एका बाजूने चिरा, बोल्ट वाचेल. स्टड तुटून आत राहिला असेल तर त्याच्यावर नवा नट ठेवून आतून वेल्डिंग भरा. वेल्डिंगची उष्णता आणि पकडायला नवा माथा, दोन्ही एकदम मिळतात. हे काम हात बसलेल्या वेल्डरकडूनच करून घ्या, आणि त्याआधी बॅटरीची तार काढून ठेवा.

इथे जीव जातो

आता जे सांगतो ते घरी जाऊन पोरांना, ड्रायव्हरला आणि गावातल्या वेल्डरला सांगा.

कपाशीत डवरणीसाठी मागच्या चाकांची रुंदी ओळींना जुळवावी लागते. रिम ज्या बोल्टांनी बांधलेला असतो ते बोल्ट कित्येकदा ट्रॅक्टर घरी आल्यापासून कुणी हलवलेले नसतात. त्यात टायरमध्ये वजनासाठी पाणी भरलेले असते, व्हॉल्व्हमधून ते झिरपते आणि रिम आतून-बाहेरून कुजतो. मग कुणीतरी म्हणते, आणा गॅस, तापवा.

टायर चढवलेल्या रिमला ज्योत लावू नका, वेल्डिंगही लावू नका. हवा काढली म्हणजे धोका टळला असे समजू नका. आतले रबर तापून वायू सोडते, आत कोंडलेली हवा दाब धरते आणि टायर बॉम्बसारखा फुटतो. रिमचा तुकडा समोरच्या माणसाला जिवंत सोडत नाही. आधी टायर आणि ट्यूब रिमवरून उतरवा, मगच आग जवळ आणा. तेच डिझेलच्या टाकीचे, तेच रिकाम्या ड्रमचे, तेच दोन्ही बाजूंनी बंद असलेल्या पाईपचे. रिकामी टाकी भरलेलीपेक्षा जास्त धोक्याची, कारण तिच्यात वाफ असते.

आणि चाकाचे काम करताना नुसत्या जॅकवर ट्रॅक्टर ठेवू नका. खाली लाकडी ओंडके लावा. नट एकदम सुटतो तेव्हा माणूसही झटका खातो आणि ट्रॅक्टरही.

इंजिन आणि क्लच

सायलेन्सर वर उभा, त्याच्या तोंडावर झाकण नाही, ट्रॅक्टर दोन पावसाळे उघड्यावर. पाणी सायलेन्सरमधून खाली जाते, ज्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा असेल त्यात उतरते आणि पिस्टन स्लीव्हला धरून बसतो. अशा ट्रॅक्टरला दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून गिअरमध्ये टाकणे हा आपल्याकडचा आवडता उपाय. तो करू नका. पिस्टन अडलेला असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. सिलिंडरमध्ये पाणी असेल तरीही वाकतो, कारण पाणी दाबले जात नाही.

इंजेक्टर काढा. प्रत्येक सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडा. आठवडाभर राहू द्या, मधूनमधून भर घाला. मग गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून मागचे चाक हाताने पुढे-मागे हलकेच झुलवा. झुलवायचे, रेटायचे नाही. केसभर हलले तरी जिंकलो. पूर्ण फिरू लागले की आधी हातानेच फिरवून वरचे तेल बाहेर पडू द्या. इंजेक्टरच्या भोकावर तोंड नेऊ नका, तेल पिचकारीसारखे उडते. सोडलेले तेल रिंगांमधून खाली चेंबरमध्ये उतरलेले असते, म्हणून इंजिन चालू करण्याआधी ऑईल बदलायलाच हवे. आठवड्याभराने काहीच हलले नाही तर हेड उतरवा. तिथून पुढचे काम मिस्त्रीचे.

पावसाळाभर उभ्या गाडीचा क्लचही फ्लायव्हीलला चिकटतो. पेडल दबते, पण गिअर सुटत नाही. ब्रेक चांगले असतील तरच पुढचा उपाय. मोकळे सपाट रान घ्या, मागे औजार नको, समोर माणूस-जनावर नको, दोन्ही ब्रेक खिट्टीने जोडलेले. इंजिन चांगले गरम करून बंद करा. वरचा गिअर टाका, क्लच दाबून धरा आणि स्टार्टर मारा. ट्रॅक्टर लगेच धावू लागेल, हे ध्यानात ठेवा. क्लच दाबलेलाच ठेवून वेग वाढवा आणि ब्रेक दाबा. दोन-चार झटक्यांत प्लेट सुटते. इंजिन बंद करायची तार आधी तपासून ठेवा. पुढच्या खेपेला गाडी उभी करताना पेडल दाबून लाकडाचा ठोकळा लावून ठेवला तर हा खटाटोपच नको.

औजारे विसरू नका

पीटीओ शाफ्टचे दोन भाग एकमेकांत सरकले पाहिजेत. ते जाम असतील तर औजार उचलताना शाफ्ट सरकत नाही, ट्रॅक्टरच्या गिअरपेटीत रेटतो. पाचशे ग्रॅम ग्रीस वाचवले आणि बेअरिंग गमावली.

पेरणी यंत्राच्या खतपेटीचे थोडे वेगळे आहे. तिथला दात्यांचा रोलर नुसता गंजाने नव्हे, दगडासारख्या झालेल्या खताने जाम होतो. खत तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळते. म्हणून आधी पाणी, कोमट असेल तर उत्तम. खत विरघळवून धुवा, उन्हात कोरडे करा आणि मग तेल द्या. कोरड्या पेटीत तेल ओतून पहार मारणाऱ्याचा रोलर तुटतो, खत तसेच राहते. खरे तर पेरणी संपली त्याच संध्याकाळी दोन बादल्या पाणी ओतले असते तर एवढे सांगावेच लागले नसते. पोटॅशचे खत लोखंडाला फार लवकर खाते.

परत बसवताना

सुटलेला बोल्ट तसाच परत घालू नका. आटे घासा, खराब असतील तर टॅप-डाय फिरवून घ्या, ग्रीस लावा. फक्त ब्रेकच्या ड्रममध्ये ग्रीसचा थेंब जाता कामा नये. चाकाला मऊ लोखंडाचा साधा बोल्ट नको, जुन्यावर ८.८ शिक्का असेल तर नव्यावरही तोच पाहा. चाकाचे नट बसवल्यावर दिवसभराच्या कामानंतर पुन्हा एकदा कसा.

दिवस ठरवा

शेतकऱ्याला काही गोष्टी हातात नाहीत. पाऊस हातात नाही, बाजार हातात नाही. पण उन्हाळ्यातले आठ दिवस हातात आहेत. वेचणी आणि ज्वारीची खळी उरकली, पऱ्हाट्या निघाल्या, की अक्षय तृतीयेच्या आत एक दिवस ट्रॅक्टरसाठी काढा. त्या दिवशी काही सोडवायचे नाही. नुसते फिरून पाहायचे. टॉप लिंक फिरते का, पिना निघतात का, पीटीओ सरकतो का, चाकाचे बोल्ट कसे आहेत, रोलर फिरतो का. जे फिरत नाही त्यावर खडूची खूण करायची आणि तेल सोडायचे. दुसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ तेल, चार ठोके. कुणी पोरगे, कुणी सूनबाई जाता-येता हे काम करील, त्याला ताकद लागत नाही. आठव्या दिवशी पाना लावा. बरेच नट मुकाट्याने सुटतील. जे सुटणार नाहीत, त्यांच्यासाठी वेल्डर आणि लेथवाला या दिवसांत रिकामा असतो. मृगात तो तुमच्यासाठी थांबणार नाही.

गावात चांगला गोटी पान्यांचा संच, टॅप-डाय आणि एक व्हाईस पाच-सहा घरांनी मिळून घेतला तर प्रत्येकाला थोडक्यात पडेल. आज इथून गेल्यावर निदान एवढे तरी करा, की ज्याच्या सायलेन्सरला झाकण नाही त्याने आज संध्याकाळी त्यावर एक डबा पालथा घालावा.

एवढे सांगून आम्ही थांबतो. कुणाला आपल्या गाडीविषयी विचारायचे असेल त्यांनी जेवणानंतर मांडवाच्या मागे यावे. तिथे एक जुना ट्रॅक्टर उभा केला आहे, पाने आहेत, तेल आहे. बोलण्यापेक्षा हातात घेऊन पाहू.